सिंह पाणी पितो ते कारंजं

कुमुदमावशीला रोममधलं एक कारंजं पाहायचं होतं, पण ते नेमकं कोणतं, हे तिला माहीत नव्हतं. तिच्याकडे एकच खूण होती. त्या कारंजात एक दगडी सिंह वाकून पाणी पीत होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका इस्पितळात तिने उभी हयात रुग्णांना भूल देण्यात घालवली. सत्तरच्या दशकात ती आणि वसंतकाका नवं लग्न करून मुंबईहून अमेरिकेला निघाले, तेव्हा रोमला विमान बिघडलं आणि प्रवाशांना एक दिवस गावात उतरवलं. काका तिला फिरायला घेऊन गेले. तिला सारखी मळमळ होत होती. पोटात मंदार होता, पण ते दोघांनाही अजून कळायचं होतं. एका चौकात ती कारंजाशेजारी खाली बसली, तोंडावर पाणी मारलं आणि मान वर न करता तासभर तशीच बसून राहिली. समोर, पाण्याच्या पातळीला, तो सिंह होता. काका शेजारी उभे राहून सांगत होते, "अगं, वर बघ तरी. इथे आपली गंगा बसवली आहे." मावशीला वाटलं, आपल्याला हसवायला थाप मारताहेत. काकांना थापा मारायची सवयच होती.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. "ती एक थाप तेवढी तपासायची राहिली," मावशी मला मार्चमध्ये फोनवर म्हणाली. "येतोस सोबत?"

"मावशी, फोनवर दोन मिनिटांत शोधून देतो."

"शोधू नकोस. आणि शोधलंस तर मला सांगू नकोस."

मी शोधलं नाही. यात माझा मोठेपणा काही नाही, माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी नोव्हायला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करतो, मावशीपासून अर्ध्या तासावर. मी तिच्यासोबत रोमला जाणार हे कळताच मंदारचा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून फोन आला.

"यार निखिल, बरं झालं. तिच्या डोळ्याचा पडदा गेलाय, सेंटरचं काही दिसत नाही तिला. आणि ती अजून ड्राइव्ह करते. मी विषय काढला की फोन ठेवून देते. तू ट्रिपमध्ये निवांत बोल. गाडी बंद, आणि सप्टेंबरपर्यंत इकडे शिफ्ट. मी इथे एक सीनियर लिव्हिंग बघून ठेवलंय. तुझं ऐकेल ती."

मी हो म्हटलं. त्या घटकेपासून मला स्वस्थता नव्हती.

मेमध्ये तिला घ्यायला गेलो तेव्हा तिच्या घरापुढचा टपालपेटीचा खांब वाकलेला दिसला. मी तिची बॅग गाडीत ठेवली. डेट्रॉइटहून रोमला थेट विमान होतं. नऊ तास मी मनातल्या मनात एकच वाक्य घडवत होतो. 'मावशी, तुझ्या काळजीपोटी सांगतो' अशी सुरुवात केली तर ती पुढचं ऐकणार नाही. 'मंदार म्हणत होता' अशी केली तर मीच लहान होणार. मावशी शेजारी पांघरूण ओढून शांत झोपली होती. मी सहा वेळा उठून विमानाच्या शेपटाकडे गेलो आणि परत आलो.

रोमला सकाळी उतरलो. हॉटेल स्टेशनजवळ होतं, खोल्या लहान, खिडकीखाली स्कूटरींची घरघर. हॉटेलच्या बाईंना मी विचारलं, सिंह असलेलं कारंजं कोणतं? त्यांनी हात पसरले. "सिंह? रोममध्ये सिंह मोजून संपत नाहीत. आधी त्रेवी बघा. सगळे तेच बघतात."

म्हणून दुपारी त्रेवी. हे जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध कारंजं म्हणायला हरकत नाही. एका अरुंद गल्लीतून वळलो आणि अख्ख्या महालाच्या भिंतीएवढं पांढरंशुभ्र शिल्प एकदम अंगावर आलं. मधे समुद्राचा देव, खाली उधळलेले दोन पंखवाले घोडे, खडकांवरून कोसळणारं निळसर पाणी. आणि माणसं, पाण्याहून जास्त. सगळे पाण्याला पाठ करून फोटो काढत होते. कोणी काठावर टेकलं की पहारेकरी शिट्टी वाजवायचे. दर मिनिटाला एक शिट्टी.

मावशी मात्र कारंजाकडे बघतच नव्हती. तिचं तोंड डावीकडच्या आइस्क्रीमच्या दुकानाकडे होतं.

"मावशी, इकडे."

"बघतेच आहे," ती म्हणाली. "सरळ बघितलं की मधे करडा डाग येतो. दुकानाकडे बघितलं की कडेने कारंजं दिसतं. घोडे आहेत ना? पंखवाले?"

"आहेत."

"मग हे नाही."

मला तिथेच बोलायचं होतं. विषय तिनेच काढला होता. पण शिट्ट्या वाजत होत्या, माझ्या पाठीला कोणाची तरी सॅक घासत होती, आणि मी म्हणालो, "चल, बाहेर पडू."

रोमच्या रस्त्यांवर काळे चौकोनी दगड बसवलेले असतात. सांपिएत्रिनी (सेंट पीटरच्या नावावरून पडलेलं नाव) म्हणतात त्यांना. पावलोपावली ठेच लागते. मी भराभर चालत होतो, मावशी जपून पाय टाकत मागे. गल्ली संपली तिथे मी वळून पाहिलं, तर ती पदपथावरून सरळ खाली उतरली होती आणि समोरून स्कूटर येत होती. मी दंड धरून तिला मागे खेचलं. स्कूटरवाला काहीतरी ओरडत निघून गेला. मावशीचं कोपर भिंतीवर आपटलं.

"अरे, हळू. हात उपटशील."

"समोरून स्कूटर आली ती तुला दिसली नाही. आणि तू गाडी चालवतेस!"

नऊ तास घडवलेलं वाक्य असं फुटून बाहेर पडलं. मावशी कोपर चोळत उभी राहिली. मग म्हणाली, "मला भूक लागली आहे."

कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही सुप्पली खाल्ली (भाताचा तळलेला गोळा, आत चीज, आपल्या बटाटेवड्याच्या अंगाचा). गोळा मोडला की चीजची तार निघते. मावशीला ती तार तुटेना, हनुवटीला चिकटली. मी कागदी रुमाल पुढे केला. तिने तो बाजूला ठेवून स्वतःच्या पर्समधला काढला.

संध्याकाळी मंदारचा मेसेज आला, "बोललास?" मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी "उद्या" एवढंच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं कोपर सुजलं होतं. ती म्हणाली, मी पडून राहते, तू फिरून ये. मी फिरलो. दोन चर्च पाहिली, एक पूल ओलांडला, नदीच्या काठाने चालत गेलो. काय पाहिलं ते आता नीट आठवतही नाही. रस्त्यात जागोजाग लोखंडी खांबांना वाकड्या नळ्या असतात आणि त्यांतून अखंड पाणी वाहत असतं. त्यांना नासोनी म्हणतात (म्हणजे नाकाडे). लोक बोटाने नळीचं तोंड दाबतात, की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते आणि ती वाकून पितात. एका आजोबांनी मला ते करून दाखवलं. मी दाबलं तर धार थेट शर्टावर आली. आजोबा मनापासून हसले. ओल्या शर्टाने मी परत निघालो. खोलीत गेलो तर मावशी तयार होऊन बसली होती.

चार वाजता आम्ही पियात्सा देल पोपोलो नावाच्या चौकात गेलो, कारण तिथे सिंह आहेत असं मी एका दुकानात विचारून आलो होतो. होते, चार. एका उंच दगडी खांबाच्या चार कोपऱ्यांना चार सिंह, आणि प्रत्येकाच्या तोंडातून पंख्यासारखं पसरट पाणी पडत होतं. मावशी जवळ गेली, मान वळवली, पाण्यात हात घातला.

"हे पाणी टाकताहेत," ती म्हणाली. "माझा पीत होता."

"तुला नक्की आठवतंय? इतकी वर्षं झाली. मळमळत होतं तुला."

"मळमळत होतं म्हणूनच आठवतंय. दुसरं काही बघायला नव्हतंच."

तिथून आम्ही चालत नवोना चौकाकडे निघालो. मी टॅक्सी म्हटलं, ती नको म्हणाली. वीस मिनिटांच्या वाटेला आम्हांला पाऊण तास लागला. मी दहा पावलं पुढे जायचो, थांबायचो, मागे यायचो. शेवटी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "असाच चाल. माझ्या चालीने."

पियात्सा नवोना हा लांबट, दोन्ही टोकांना गोलाई असलेला चौक आहे. एकेकाळी इथे शर्यती व्हायच्या. गाड्यांना बंदी, त्यामुळे एकदम मोकळं वाटतं. तीन कारंजी आहेत, मधलं सगळ्यांत मोठं. ओबडधोबड खडकांचा डोंगर, त्यावर आभाळात घुसणारा दगडी खांब आणि चार बाजूंना चार धिप्पाड पुरुष रेललेले. मी मावशीला एका बाकावर बसवलं आणि नीट बघणार, तेवढ्यात फोन वाजला. मंदार. कॅलिफोर्नियात सकाळ झाली होती.

मी थोडा बाजूला गेलो.

"बोललास का?"

"नाही अजून. नीट वेळ मिळत नाहीये."

"निखिल, दोन दिवस झाले. मला त्या सीनियर लिव्हिंगला या आठवड्यात कळवायचंय. काल ती ड्राइव्ह करताना कोणाला ठोकली असती तर?"

"काल ती रोममध्ये होती."

"यू नो व्हॉट आय मीन."

आम्ही वाद घालत राहिलो. मी म्हणत होतो, तूच तिचा मुलगा, तूच येऊन बोल. तो म्हणत होता, मी दोन हजार मैलांवर आहे, तू अर्ध्या तासावर. दहा मिनिटं गेली असतील. वळून पाहिलं तर बाक रिकामा.

आधी वाटलं, इथेच असेल. उत्तरेकडच्या कारंजाशी गेलो, नव्हती. दक्षिणेकडच्या कारंजाशी पळत गेलो, तिथेही नव्हती. चित्रकारांची टेबलं, कॅफेच्या खुर्च्या, शाळेच्या सहलीची गर्दी. चौकातून सहा-सात गल्ल्या फुटतात आणि प्रत्येकीत मला स्कूटर दिसत होती. मी एका पोलिसाला थांबवलं आणि इंग्रजीत सांगू लागलो, म्हातारी बाई, भारतीय, निळा स्वेटर. तो शांतपणे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "ती का?"

मधल्या कारंजाच्या पलीकडच्या अंगाला, जमिनीवर, कठड्याच्या लोखंडी दांडीला टेकून मावशी बसली होती. मांडी घालून. शेजारी खांद्यावर रुमालांचा गठ्ठा घेतलेला एक मध्यमवयीन फेरीवाला उभा होता आणि तिची पर्स सांभाळत होता.

"मावशी! मी सगळा चौक पालथा घातला. सांगून तरी जायचंस."

"तू फोनवर होतास," ती म्हणाली. "बस खाली. उभ्याने नाही दिसणार."

मी तिच्याशेजारी बसलो. आणि खडकाच्या पोटातल्या गुहेतून, खजुराच्या झाडाखाली, एक सिंह बाहेर आला होता. पाठ पसरलेली, मान खाली, जीभ पाण्याकडे. पीत होता.

मावशी त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्या कानामागे कुठेतरी बघत होती. "दिसतोय," ती म्हणाली. "पाठ दिसते आहे."

फेरीवाल्याने तिला खाली बसताना हात दिला होता. त्याचं नाव शफिक. बांगलादेशातल्या राजशाहीचा, अठरा वर्षं रोममध्ये. त्याची हिंदी मोडकी होती, पण आमचीही इतक्या वर्षांत फार शिल्लक नव्हती.

"भाई," मावशीने त्याला विचारलं, "इसमें गंगा है क्या?"

"है न, आंटी. चार नदी है. एक गंगा." त्याने खडकाच्या एका बाजूला बोट दाखवलं. "वो. दाढ़ी वाला. हाथ में चप्पू है."

मी मान वर करून पाहिलं. भरघोस दाढीचा, उघड्या अंगाचा पुरुष, खडकावर रेललेला, मांडीशी लांबलचक वल्हं. कुठूनही गंगा वाटत नव्हता.

"काय आहे? सांग," मावशी म्हणाली. मी सांगितलं. दाढी, दंड, वल्हं, चेहरा कुठे वळलाय ते. ती ऐकत राहिली.

"पुरुष?"

"पुरुष."

"गंगेला दाढी लावली यांनी?" आणि मावशी हसायला लागली. पोट धरून, डोळे पुसत. शफिकही हसला. सहलीतल्या दोन मुली वळून बघू लागल्या. "म्हणजे थाप नव्हती रे ती," ती म्हणाली. "दाढीबद्दल बोलले असते तर मी तेव्हाच वर बघितलं असतं."

शफिक म्हणाला, "हमारे यहाँ इसको पद्मा बोलते हैं. मेरे घर के सामने से जाती है. मैं सुबह आता हूँ तो पहले इधर से घूमके जाता हूँ." मावशीने त्याच्याकडून दोन रुमाल घेतले. तो पुढे गेला.

आम्ही बसून राहिलो. माझ्या खिशात फोन परत थरथरला, मी तो बंद केला. ऊन खांबाच्या टोकावर गेलं होतं. मावशीच म्हणाली, "मंदार होता ना फोनवर?"

"हो."

"काय, गाडी आणि सप्टेंबर?"

मी पुन्हा "हो" म्हटलं.

"गाडी मी जानेवारीतच बंद केली," ती म्हणाली. "आमच्याच रस्त्यावर, 'स्टॉप'च्या पाटीशी. एक माणूस कुत्रा घेऊन रस्ता ओलांडत होता. अगदी समोर, म्हणजे नेमका त्या डागात. कुत्र्याचा पट्टा चमकला कडेला, म्हणून ब्रेक लावला. दोन हात अंतर राहिलं असेल. आणि तो माणूस हात वर करून मला सॉरी म्हणाला. मला." तिने नवे रुमाल पर्समध्ये कोंबले. "अंगणात वळताना टपालपेटी ठोकली.  त्यानंतर गाडी काढली नाही."

"मग सामान? देवळात? डॉक्टरकडे?"

"बस आहे ना. दोनदा बदलावी लागते."

"जानेवारीपासून? त्या बर्फात?"

"बर्फ जाईपर्यंत जरा जड गेलं."

मी दर रविवारी तिला फोन करतो. दर रविवारी विचारतो, मावशी, बरी आहेस ना? ती म्हणते, बरी आहे. चार महिन्यांत मी एकदाही तिच्याकडे गेलो नव्हतो. जानेवारीत बर्फ, फेब्रुवारीत ऑफिसचं काम, मार्चमध्ये मुलीच्या स्पर्धा. गेलो असतो तर गाडीवरची धूळ दिसली असती.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला सांगितलं की मंदारला कळणार. त्याला कळलं की दुसऱ्या आठवड्यात घर बघायला माणसं येणार. गाडी माझी मी सोडली. घरही मी सोडेन, पण माझं मी. मला हाताला धरून उठवू नका रे कोणी." आणि मग स्वतःच हसून म्हणाली, "आत्ता मात्र उठव. पाय बधिर झालेत."

मी तिला उठवलं. हॉटेलपर्यंत तिच्या चालीने गेलो.

उरलेले दोन दिवस आम्ही कारंजाकडे फिरकलो नाही. ती म्हणाली, पाहून झालं. आम्ही बागेत बसलो, तळलेला आर्टिचोक (कमळकळीसारखी दिसणारी भाजी) खाल्ला, तिने दुपारी झोपा काढल्या. मला वाटलं होतं आता तरी माझी घालमेल थांबेल. थांबली नाही. आधी मला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. आता माझ्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते जास्त जड होतं.

डेट्रॉइटला उतरल्यावर तिला घरी पोचवलं, बॅग आत ठेवली. ती झोपायला गेल्यावर गॅरेजमध्ये गेलो. गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. भिंतीवर, दाराच्या कडेला, तिने जाड काळ्या पेनने बसचे नंबर लिहिले होते, वीतभर उंचीचे, तिला कडेने दिसतील असे.

तिथूनच मंदारला फोन केला आणि सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "बसने? एकटी?"

"हो."

"मी ओरडत होतो रे तिच्यावर. गाडीवरून. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये. आणि ती ऐकून घेत होती."

"फोन ठेवत होती."

"हो, फोन ठेवत होती."

जूनमध्ये मंदार आठ दिवस येऊन राहिला. कोणालाही घर दाखवलं नाही. त्या सीनियर लिव्हिंगला त्याने नको कळवलं की फक्त थांबायला सांगितलं, हे मी विचारलेलं नाही. पुढच्या हिवाळ्याचं काय, हे अजून ठरलेलं नाही आणि ते सोपंही नाही. ॲन आर्बरचा बर्फ मला माहीत आहे. मावशीलाही माहीत आहे.

रोमला जाऊन आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय पाहिलंस? मी नवोनाचं कारंजं सांगतो, चार नद्या सांगतो, दाढी सांगितली की सगळे हसतात. ते सगळं खरं आहे. पण ते बघायला मी तिथे गेलोच नव्हतो. मी एका म्हाताऱ्या बाईला तिला काय दिसत नाही ते सांगायला गेलो होतो.

आता मी शनिवारी तिच्याकडे जातो. काम काही नसतं. मी दोन मिनिटं बसतो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. मागच्या शनिवारी ती म्हणाली, "तुला घाई असेल तर जा, मी बरी आहे."

मी विचारलं, "खरंच बरी आहेस?"

ती थोडा वेळ माझ्या कानामागे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. बस."